माळावरचा मांजरपाट

आमच्या बँडचे लाल कोट दिसले की सोलापुरात दोघेजण हमखास बुजायचे. म्हशी आणि नवरदेव. त्यातल्या म्हशींना पळून जाता यायचं.

मी त्या बँडात मोठा ढोल वाजवायचो. ढोलाला अक्कल लागत नाही, ताकद लागते, असं आमचे सिद्धलिंगप्पा मास्तर म्हणायचे, आणि म्हणून झालं की माझ्याकडे बघायचे. धोंडीराम कॉर्नेट वाजवायचा. कॉर्नेट म्हणजे तीन खटक्यांचा आखूड पितळी कर्णा. बाकीचे आम्ही सगळे आवाज करायचो आणि त्या आवाजाच्या आडून धोंडीराम गाणं वाजवायचा. बाजा मास्तरांचा, ओठ धोंडीरामचे. दोघांनाही वाटायचं की महत्त्वाची वस्तू आपल्याकडे आहे.

धोंडीरामची दुसरी नोकरी आभाळाशी होती. होटगीच्या वाटेवर एका विमान कंपनीने माळाचा सपाट तुकडा घेऊन ठेवला होता. मद्रासकडचं टपाल घेऊन मुंबईला जाणारं विमान दर शनिवारी आमच्या डोक्यावरून जायचं. पेट्रोल कमी पडलं किंवा इंजिन खोकायला लागलं तर खाली यायला जागा असावी, म्हणून तो माळ. धोंडीराम त्याचा राखणदार. दगड वेचायचे, मेंढरं हाकलायची, पत्र्याच्या खोलीतले पेट्रोलचे डबे सांभाळायचे, आणि शनिवारी जमिनीवर खूण अंथरायची.

ही खूण नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पांढऱ्या मांजरपाटाचे दोन लांब पट्टे. एक उभा, दुसरा त्याच्या टोकाला आडवा. इंग्रजीतल्या टी अक्षरासारखी आकृती. वारा जिकडून येतो तिकडे आडवा पट्टा ठेवायचा. वैमानिक वरून बघतो आणि उभ्या पट्ट्याच्या रेघेत, आडव्या पट्ट्याकडे तोंड करून उतरतो. मग वारा समोरून लागतो आणि विमान थांबतं. खूण उलटी असली तर वारा मागून ढकलतो आणि विमान थांबत नाही. संपलं. धोंडीरामला कंपनीने एवढंच शिकवलं होतं आणि मलाही एवढंच समजलं होतं.

आधी तिथे वारा दाखवणारी एक लांबलचक कापडी पिशवीही होती, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, खांबाच्या टोकाला बांधलेली. ती चोरीला गेली. कंपनीने दुसरी पाठवली, तीही गेली. पुढच्या मंगळवारच्या बाजारात एक गृहस्थ लाल-पांढऱ्या पट्ट्यांची विजार घालून कांदे निवडताना दिसले. दोन्ही पायांत वारा भरला होता.

धोंडीराम म्हणाला, "ह्येंच्याकडं बघून बी इमान उतरंल की."

कंपनीने तिसरी पिशवी पाठवली नाही. राहिला मांजरपाट. तो मात्र कधी कुणी चोरला नाही. उघड्यावर पसरलेला पांढरा मांजरपाट उचलून घरी न्यायचा, हे काही कुणाच्या मनाला येत नसावं.

विमानाचा वैमानिक केकी बलसारा. पारशी, उंच, मोठ्या नाकाचा. आठवडाभर टपाल उडवायचा आणि शनिवारी रात्री मुंबईच्या एका बड्या हॉटेलात साहेबलोकांच्या नाचाला सॅक्सोफोन वाजवायचा. पहिल्यांदा तो आमच्या माळावर उतरला तेव्हा इंजिनाला खरंच काहीतरी झालं होतं. धोंडीराम पत्र्याच्या खोलीत सराव करत होता, कारण घरी शेजारी भांडायचे. केकी उतरला, इंजिनाकडे पाठ केली आणि थेट खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"तू काय वाजवते?"

"वरातीचं हाय, साहेब."

"वरात मला मालूम हाय. मदी काय केला? ते परत कर."

धोंडीराम घाबरला. एकच गाणं शंभरदा वाजवून कंटाळा आला की तो मध्येच सूर सोडून भलतीकडे जायचा, आणि कुणी ऐकत नसेल तेव्हाच जायचा. "माफ करा साहेब, चुकलं."

"चुकला नाय, गाढवा! हेच तर जाझ!"

मग केकीने जाझ समजावून सांगितलं. गाणं सरळ रस्त्याने चाललेलं असतं. आपण मध्येच गल्लीत शिरायचं. दोन बिऱ्हाडांत चहा प्यायचा, एखाद्या बाईशी भांडायचं, कुत्रं मागे लागलं तर पळायचं. पण ढोलाचा ठोका पडायच्या आत परत रस्त्यावर हजर. रस्त्यावरच्याला वाटलं पाहिजे की हा इथेच होता.

त्यानंतर ते इंजिन नेमकं सोलापूरवर आलं की खोकायला लागलं. कंपनीने ते पुन्हा पुन्हा उघडून बघितलं, काही सापडलं नाही. केकी टपालाच्या पिशव्यांखालून सॅक्सोफोन काढायचा, धोंडीराम कॉर्नेट घ्यायचा, मी पेट्रोलच्या रिकाम्या डब्यावर बसायचो आणि त्याच डब्यावर वाजवायचो. मद्रासहून मुंबईला निघालेल्या बातम्या, लग्नाच्या, बारशाच्या, मयताच्या, बाहेर उन्हात थांबून राहायच्या. मधल्या वेळात धोंडीराम इंजिन शिकला. पेट्रोल कातड्यातून गाळून भरायचं, प्लग पुसायचे, पंखा हाताने फिरवून मागे उडी मारायची. उडी तो तालात मारायचा.

बँडात मात्र त्याच्या गल्ल्या वाढायला लागल्या. एका वरातीत त्याने असं काही वाजवलं की घोडा थांबला आणि विचार करायला लागला. मास्तरांनी बँड थांबवला.

"गाणं कुठं गेलतं रे?"

"गल्लीत, मास्तर."

"आणि असा नवरदेव शिरला गल्लीत तर?"

"ह्यो शिरला असता, मास्तर. त्याचं त्वांड बघा की."

नवरदेवाचं तोंड खरंच तसं होतं. मास्तरांनी बँड पुन्हा सुरू केला.

चौतीस सालच्या मार्गशीर्षात केकी दोन निरोप घेऊन उतरला. हॉटेलातला कर्णा वाजवणारा छातीच्या आजाराने गोव्याला परत गेला होता. येत्या शनिवारी संध्याकाळी हॉटेलचा मालक नवीन माणसाला ऐकणार होता, आणि पसंत पडला तर त्याच रात्रीपासून ठेवणार होता. दुसरा निरोप असा, की मुंबईच्या विमानतळावर कंपनीला इंजिनाच्या कामावर एक हाताखालचा माणूस हवा होता. केकीने दोन्हीकडे एकच नाव सांगून ठेवलं होतं.

"दिवसा इंजिन, रात्री जाझ," केकी म्हणाला. "मी पण हेच करते. झोप इथे सोलापूरला विसरून ये."

विमान गेल्यावर धोंडीराम माळावर उकिडवा बसला. "गंगाधर," तो म्हणाला, "हितं मी बाजा घेतला की इंजिन सुटतंय, आन इंजिन घेतलं की बाजा. दोनी एका गावात मिळत्यात, असं गाव आसंल असं मला वाटलंच न्हवतं."

मी म्हणालो, "मला न्हेशील का?"

"तुला कशाला? तितं अक्कल लागतीय."

अडचण बाजाची होती. कॉर्नेट मास्तरांचं, आणि त्याच शनिवारी दुपारी साखर पेठेत एका तेलुगू विणकराच्या घरचं लग्न. मोसमातलं सगळ्यात मोठं. मास्तर आधी रागावले, मग म्हणाले, "अक्षता पडताना माझ्या बँडात कॉर्नेट पायजे. तेवढं वाजव आणि बाजा घेऊन जा. तुझाच तो." रेल्वेने गेलं असतं तर मुंबई दुसऱ्या दिवशी आली असती. म्हणून ठरलं असं, की मुहूर्ताचं वाजवायचं, टांग्याने माळावर यायचं, आणि केकी केवळ धोंडीरामसाठी उतरणार. टपालाच्या पिशव्यांवर बसून जायचं. मुंबईत दिवे लागायच्या आत हॉटेल.

बजाबाई, म्हणजे धोंडीरामची बायको, करकंबची. जाऊ नका असं ती एकदाही म्हणाली नाही. घर मिळालं की तीही जाणार होती. तिने मला फक्त एवढंच विचारलं, "भावजी, ते वरनं पडत न्हाय न्हवं?"

"पडतंय की, वैनी. पर सारखं न्हाय पडत."

ती हसली नाही. मला वाटलं, विनोद पोचला नाही. तो पोचला होता.

शनिवारी सकाळी धोंडीरामने खूण अंथरली तेव्हा मी बरोबर होतो. उत्तरेचा गार वारा डोळ्यांत पाणी आणत होता. त्याने आडवा पट्टा उत्तरेला ठेवला, उभा पट्टा दक्षिणेकडे ताणला, कडांवर दगड ठेवले आणि लांब जाऊन, मान वाकडी करून बघितलं. "झ्याक," म्हणाला. मग आम्ही लाल कोट चढवून लग्नाला गेलो.

मुहूर्त चुकला. नवरीचा मामा सापडेना, आणि मामाने हात धरल्याशिवाय नवरी मांडवात येत नाही. मामाला शोधायला गेलेला माणूसही सापडेना. शेवटी दोघेही न्हाव्याकडे मिळाले. मामांची एक बाजू झाली होती आणि तेवढ्यात न्हाव्याशी राजकारणावर वाद सुरू झाला होता. मामा अर्ध्या दाढीने मांडवात आले. धोंडीराम सारखा आभाळाकडे बघत होता. भटजींनाही वाटायला लागलं की वर काहीतरी आहे, तेही बघायला लागले.

अक्षता पडल्या. धोंडीरामने गाणं वाजवलं, एकाही गल्लीत न शिरता, पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ. नंतर मास्तरांच्या पाया पडला. मास्तर म्हणाले, "ओठ जप." त्यांना आणखी काही म्हणायचं होतं, पण पंगतीला बोलावणं आलं.

कोट काढायला वेळ नव्हता. टांगा होटगीच्या वाटेला लागला आणि विमानाचा आवाज आला. धोंडीरामने घोड्याशी कन्नडमध्ये बोलून बघितलं. घोडा तेवढ्याच चालीने चालत राहिला.

माळावर बजाबाई पत्र्याच्या खोलीपाशी उभी होती. एका हातात भाकरीचं गाठोडं, दुसऱ्या हातात दह्याची वाटी. निघताना हातावर दही द्यायचं म्हणून ती दुपारपासून येऊन थांबली होती. आम्हाला बघून तिचा चेहरा उजळला. धोंडीराम टांग्यातून उडी मारून उतरला आणि दोन पावलांवर थांबला.

आडवा पट्टा दक्षिणेला होता. उभा पट्टा उत्तरेकडे ताणलेला. कडांवर दगड ओळीने ठेवलेले.

"ह्ये कुणी फिरवलं?"

"मी," बजाबाई म्हणाली. "लई वंगाळ दिसत हुतं बगा. पांढरं मांजरपाट, खांदं उत्तरंला, पाय दक्षिणंला. मड्याला निजवल्यावानी. आन आज तुमी जायाचं, त्याच्याच पायथ्याला इमानात बसायचं? माझ्यानं बगवंना. म्हनून सरळ करून ठिवलं. दगडं बी हुती तशीच ठिवल्यात."

मी मांजरपाटाकडे बघितलं. दोन वर्षं मी त्यात इंग्रजी अक्षर बघत होतो. तिने सांगितल्यावर मला अक्षर दिसेना. खांदे दिसले आणि पाय दिसले.

विमान तोवर माळाला वळसा घालून उत्तरेच्या टोकाला गेलं होतं आणि खाली येत होतं, खूण सांगत होती तसं, दक्षिणेकडे तोंड करून. वारा त्याच्या पाठीशी.

धोंडीराम पळाला. मी त्याच्या मागे. खुणेपाशी पोचून त्याने एक पट्टा ओढला. तो दगडांखाली इतका नीट दाबलेला होता की फाटला, पण निघाला नाही. मग त्याने हात हलवले, वर, मागे, जा, जा. मीही हलवले. पुढे चौकशीला आलेल्या साहेबाने विचारलं, की वैमानिकाने गिरण्यांच्या चिमण्यांचा धूर बघितला असता तर वारा कळला नसता का? कळला असता. पण केकी चिमण्यांकडे बघत नव्हता. तो आमच्याकडे बघत होता. वरून त्याला काय दिसलं असेल ते मला माहीत आहे. त्याला सोनेरी कडांचे लाल कोट घातलेले दोन बँडवाले माळाच्या मधोमध नाचताना दिसले.

धोंडीरामने शेवटी बाजा ओठाला लावला. इंजिनाच्या आवाजात बाजा ऐकू येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी त्याने छाती फुटेस्तोवर फुंकला. गाणं नव्हतं ते. एकच सूर होता.

केकीने हात बाहेर काढला आणि आम्हाला हलवून दाखवला.

चाकं माळाच्या निम्म्यावर टेकली. विमान आमच्या बाजूने गेलं तेव्हा केकी हसत नव्हता. त्याला समजलं होतं. दक्षिणेच्या टोकाला दगडाची जुनी खाण आहे. विमान तिच्या काठापाशी गेलं आणि दिसेनासं झालं. आवाज त्यानंतर आला. आधी दिसेनासं झालं आणि मग आवाज आला. मी ढोलवाला आहे, मला असलं लक्षात राहतं.

आग लागली नाही. आम्ही खाणीत उतरलो तेव्हा पंखा थांबलेला होता आणि केकी खुर्चीच्या पट्ट्यात अडकून बसलेला होता, मान अशी, की कुणी हाक मारली तर ती वळणार नव्हती. धोंडीरामने तरी मारली. सॅक्सोफोनच्या पेटीला ओरखडासुद्धा नव्हता. टपालाची एक पिशवी फाटली होती आणि पत्रं वाऱ्यावर होटगीकडे निघाली होती. टपाल खात्याचा माणूस पोलिसांच्याही आधी आला आणि त्याने सगळ्यांना पत्रांच्या मागे पळवलं. लाल कोट घालून मी बाभळीवरून पाकिटं काढत होतो. बजाबाई काठावर उभी होती. वाटीतलं दही सांडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी केकीचा भाऊ आला आणि त्याला रेल्वेने घेऊन गेला. हॉटेलचा मालक शनिवारी संध्याकाळभर थांबला होता म्हणे. मग त्याने दुसरा कुणीतरी घेतला.

चौकशीच्या आदल्या दिवशी धोंडीराम माझ्याकडे आला. आमच्या दारात उभं राहूनच बोलला. "त्या खुणंमुळं झालं, ह्ये तिला ठावं न्हाय. ठावं हुता कामा न्हाय."

"मंग साहेबाला काय सांगशील?"

"मी आंथरली न्हवं? मीच उलटी आंथरली."

साहेबाने दुभाष्यामार्फत विचारलं, दोन वर्षांत एकदाही चुकला नाहीस, मग त्याच दिवशी कसा चुकलास?

"त्या दिशी मी जानार हुतो," धोंडीराम म्हणाला. "ध्यान न्हवतं."

साहेबाने लिहून घेतलं. मग मला बोलावलं. खूण अंथरताना तू होतास, ती कशी होती? मी म्हणालो, साहेब, मी ढोल वाजवतो, मला दिशा कळत नाहीत. हे शक्य आहे का, असं साहेबाने दुभाष्याला विचारलं. दुभाष्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "यस सर."

धोंडीरामची नोकरी गेली. बजाबाईला त्याने सांगितलं, इमानच गेलं, आता राखन कसली. कुठल्याही विमानाच्या जवळ याला कामाला ठेवू नये, असंही ठरलं. पंख्यामागे तालात उडी मारणारा तेवढा एकच माणूस मी बघितला, आणि तो आता माळाच्या कुंपणाबाहेरूनही जाईनासा झाला. बाजा मास्तरांना परत द्यायला गेला, तर मास्तरांनी घेतला नाही. तुझाच म्हणालो होतो, म्हणाले. आता तो लग्नात वाजवतो आणि गाणं जिथून सुरू होतं तिथून जिथे संपतं तिथपर्यंत जातं. घोडे खूश आहेत. मास्तर नाहीत. एकदा वरातीत ते त्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, "जा की जरा गल्लीत." धोंडीराम सरळच वाजवत राहिला.

बजाबाईने मात्र त्या दिवसाचा अर्थ त्याच दिवशी लावला होता. पोलीस गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "बघा. मढं निजवल्यालंच हुतं. कुनीतरी जायाचंच हुतं. मी पाय फिरवलं म्हनून तुमी भुईवर ऱ्हायला. न्हायतर तुमी बसल्यावर झालं असतं." तिने ते शेजारणीला सांगितलं. शेजारणीने नळावर सांगितलं. दोन आठवड्यांत बायका यायला लागल्या.

आधी खाटा आल्या. म्हणजे खाटांचे प्रश्न आले. सून माहेरी पळते, खाट कशी ठेवू? मग साखर पेठेतून माग आले, कारखानदारांनी मागाचे पाय कुठे धरायचे ते विचारलं. बार्शीचा एक माणूस नवी लॉरी घेऊन गल्लीच्या तोंडाशी थांबला. बजाबाई बाहेर आली, लॉरीभोवती फिरली आणि बराच विचार करून तिने मागची चाकं हे पाय ठरवले. लॉरीवाला त्या दिवसापासून लॉरी दक्षिणेकडे पाठ करून उभी करत नाही. ती कुणाकडून काही घेत नाही. नीट ऐकते, डोळे मिटते, आणि सांगते. मला विनोद सुचतात. मी ते करत नाही.

परवा मी गेलो तेव्हा करकंबहून दगडाबाई नावाची म्हातारी आली होती. एकुलता एक मुलगा बोटीवर कामाला निघाला होता. त्याची ट्रंक घरात कशी ठेवली आहे ते तिने हातवारे करून सांगितलं, आणि मग तिला एकदम शंका आली. कोपऱ्यात धोंडीराम बाजाचे खटके पुसत बसला होता. तिने त्याच्याकडे मान वळवली.

"खरं का वो, बाबा? तुमी त्यातच बसनार हुता?"

धोंडीरामचं फडकं थांबलं. एरवी बजाबाई लगेच उत्तर द्यायची. त्या दिवशी तीही नवऱ्याकडे बघत राहिली, दगडाबाईपेक्षा जास्त टक लावून. मला वाटलं, हिला काहीतरी कळलंय. किंवा कळायला लागलंय, आणि ते आता याच्या तोंडून हो की नाही, तेवढंच तिला हवंय.

धोंडीरामने बाजा मांडीवरून बाजूला ठेवला.

"व्हय," तो म्हणाला. "हिनंच वाचवलं मला."

म्हातारीने जमिनीवर हात टेकून बजाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. बजाबाई हलली नाही. ती नवऱ्याकडेच बघत होती.